उजव्या पेडलची दांडी

कॅप्टन दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते आणि विमानाचा उजव्या बाजूचा ब्रेक अजून मऊ लागत होता.

"पुन्हा ब्लीड करूया," इनासभाऊ म्हणाले.

"तीच हवा पुन्हा वर येऊन अडकेल," मी म्हणालो.

मी सांताक्रूझच्या एका हँगरमध्ये एअरक्राफ्ट मेकॅनिक होतो आणि विरारला मनवेलपाड्यात राहायचो. सुट्टीच्या दिवशी सांडोरला इनासभाऊंच्या वाडीत जायचो. ते गोदीतले फिटर, लवकर निवृत्त झालेले. केळींच्या शेजारी पत्र्याची शेड घालून, बाहेरून नकाशे मागवून त्यांनी दोन सीटचं छोटं विमान बांधलं होतं. नव्वदच्या दशकाचा शेवट होता तो. वसईत विमान बांधतोय म्हटल्यावर लोक हसायचे. सांगाडा पाहिल्यावर हसणं थांबायचं.

ब्रेकचं काम मात्र माझ्याकडे होतं.

अशा विमानात दोन पायांना दोन पेडल असतात. पेडलच्या वरच्या टोकावर पंजा दाबला की त्या बाजूचं चाक अडतं. पेडलमागे इंजेक्शनच्या सिरिंजसारखं एक सिलिंडर असतं. दांडी आत गेली की तेल पाइपातून चाकापर्यंत ढकललं जातं. तेल दबत नाही, म्हणून ब्रेक लागतो. हवा मात्र दबते. पाइपात हवा राहिली तर पाय आत जातो आणि चाक थांबत नाही. ती हवा बाहेर काढणं म्हणजे ब्लीड करणं. आम्ही खालून, चाकाकडून तेल वर ढकलायचो, कारण बुडबुडा आपणहून वरच जातो.

उजवा पाइप सीटमागून जाताना कमान करून वर चढला होता आणि बुडबुडा त्या कमानीत बसला होता. खरा उपाय म्हणजे सीट काढून पाइप सरळ बसवायचा आणि मग पुन्हा ब्लीड करायचं. कॅप्टन येणार तो अख्खा दिवस त्यात गेला असता.

आणि तो दिवस इनासभाऊंना हवा होता. पूर्वी मोटारसायकलवरून पडून त्यांच्या उजव्या पायाची नस दुखावली होती. पाय चालायचा, पण पंजाला स्पर्श नीट कळत नसे. फ्लाइंग क्लबातल्या निवृत्त कॅप्टननी स्पष्ट सांगितलं होतं, "आधी जमिनीवर चालवून दाखवा. उजवा पाय तुमच्या ताब्यात आहे असं दिसलं, तर उडवायला मी शिकवीन. नाही दिसलं, तर हे विमान दुसरं कोणीतरी उडवेल."

इनासभाऊंची बायको मार्थाबाई चहा घेऊन आल्या. "पायातली चप्पल वाटेत पडली तरी याला कळत नाय," त्या मला म्हणाल्या, "आणि हा इमान चालवणार!"

"चप्पल हातानं उचलता येते," इनासभाऊ माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "इमान उचलायला सावंत आहे."

ते कप ठेवायला घरात गेले तेवढ्यात मी पाना घेतला आणि उजव्या सिलिंडरची दांडी थोडी लांब केली. पेडलमधली मोकळी चाल संपली. आता पाय टेकताच ब्रेक लागत होता. हवा होती तिथेच होती, फक्त पायाला ती कळत नव्हती.

"झालं?" परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"झालं."

जॅकवर दोन्ही चाकं हातानं फिरवून पाहिली. मोकळी फिरत होती.

नायगावकडे खाडीलगत एक बंद पडलेलं मिठागर होतं. उन्हाळ्यात तिथली माती सिमेंटसारखी व्हायची. मालकाच्या परवानगीनं सकाळी विमान तिथे नेलं. पहिल्या फेऱ्या छान झाल्या. इनासभाऊ सरळ रेषेत येत, वळत, थांबत. कॅप्टन माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, हा माणूस तर शिकलेलाच आहे."

नंतरच्या फेरीत विमान एकदम उजवीकडे वळलं. उजवं चाक जाम झालं होतं. विमान बांधाला जाऊन धडकलं, नाक खाली गेलं, प्रोपेलरचे तुकडे उडाले. इनासभाऊ कपाळाला हात लावून बाहेर आले. खरचटण्यापलीकडे लागलं नव्हतं.

"ब्रेकवर पाय होता?" कॅप्टननी विचारलं.

"नव्हता," ते म्हणाले. मग खाली आपल्या बुटाकडे पाहून म्हणाले, "नसावा."

विमान बांधावरून मागे ओढेपर्यंत बराच वेळ गेला. कॅप्टननी उजवं चाक उचलून फिरवलं. मोकळं फिरलं. ते माझ्याकडे वळले. "सावंत, ब्रेकमध्ये काही दोष?"

चाकाची डिस्क तापून निळसर पडली होती. ती पाहताच मला सगळं समजलं होतं. पाय काढला की तेल टाकीत परत जावं म्हणून सिलिंडरला एक बारीक भोक असतं. दांडी लांब केल्यामुळे ते भोक कायमचं झाकलं गेलं होतं. फेऱ्या मारून तेल तापलं, फुगलं, त्याला परत जायला वाट नव्हती. पाय नसतानाही ब्रेक आपोआप दाबला गेला. तेल गार झाल्यावर चाक पुन्हा सुटलं.

मी म्हणालो, "ब्रेक ठीक होते."

विमान शेडमध्ये ठेवल्यावर मी दांडी पूर्ववत केली. खोटं बोलून वर पुरावाही पुसला, ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

इनासभाऊंनी विमान पुन्हा उभं केलं नाही. सुटं करून विकून टाकलं. मी जाणं कमी केलं, मग बंद केलं. क्लबात मात्र तो किस्सा टिकला. नव्या मुलांना अजून सांगतात, वसईच्या एका गृहस्थाला ब्रेकवर आपला पाय आहे हेच कळलं नाही. मध्यंतरी एका तरुण मेकॅनिकनं हौसेनं तो मलाच ऐकवला. त्यानंतर मी सांडोरला गेलो.

इनासभाऊ पडवीत बसले होते. मी सगळं सांगितलं. दांडी, भोक, निळी डिस्क, आणि मी काय बोललो तेही. फिटर माणूस, त्यांना दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

"मग मी मोटारसायकल कशाला विकली रे?" ते म्हणाले.

मला ठाऊकच नव्हतं. मिठागरातल्या त्या दिवसानंतर त्यांनी कुठलंच वाहन चालवलं नव्हतं. बाजारात जायचं तर रिक्षा, नाहीतर मुलाची वाट बघायची. वाडीतल्या शिडीवरही ते चढत नसत. पायाचा भरवसा नाही म्हणून.

मार्थाबाई दारात उभ्या होत्या. "जिना उतरताना मी याचा हात धरते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. आणि तुम्ही इथे बसून चहा प्यायचात, सावंत."

मी माफी मागितली. इनासभाऊ म्हणाले, "माफीचं नंतर बघू. आधी कॅप्टनला फोन लाव. माझ्यासमोर लाव."

कॅप्टन आता खूप थकले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन इनासभाऊंना द्यायला सांगितलं. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. इनासभाऊ एवढंच म्हणाले, "आता कसलं उडवतोय, कॅप्टन. पण पाय माझ्या ताब्यात होता म्हणालात, ते बरं झालं." फोन मला परत देताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मार्थाबाईंनी मला थांबायला सांगितलं नाही, आणि मीही थांबलो नाही.

हे लिहिलं ते क्लबातल्या मुलांसाठी. किस्सा सांगायचाच असेल तर असा सांगा. आणि पेडल मऊ लागलं तर हवा काढा, कितीही वेळ लागो. दांडीला हात लावू नका.