शेगडीखालचा ओलावा

मित्सुबाईंच्या रॉकेलच्या शेगडीला त्यांचा मुलगा शोजी "आईची लाडकी लेक" म्हणे. तो दूर सेंदाई शहरात असायचा. नवरा गेल्यापासून जपानच्या उत्तरेकडच्या आओमोरीतल्या त्या बर्फाळ गावात बाई एकट्याच, आणि शेगडीवर सदा किटली नाहीतर घेवड्याचं पातेलं. यंदा शोजीने विजेचा हीटर पाठवला आणि वर दमही भरला, "रॉकेलचा एकदा जरी घोटाळा झाला, तर तू माझ्याकडे राहायला यायचं. मग कुरकुर नको." त्या हीटरने गुडघे तेवढे शेकायचे, पाठ गारठलेलीच. बाईंनी तो कोपऱ्यात बसवला. त्यांच्या हट्टापुढे कधी कोणाचं चाललंय?

एका सकाळी शेजारची यासु चहाला आली आणि दारातच नाक दाबून उभी राहिली.

"अगं मित्सु, रॉकेलने अंघोळ केलीस की काय!"

"भरताना सांडलं थोडं," मित्सुबाई हसल्या.

पण त्यांना कसलाच वास आला नव्हता. यासु गेल्यावर त्यांनी मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचा, डबा उघडून हुंगला, मग मुळ्याचं लोणचं, मग वाळवलेला मासा. काही नाही. पानगळीत जबर सर्दी झाली होती, तेव्हापासून जेवण बेचव लागत होतं आणि बाई बिचाऱ्या मीठ वाढवत बसल्या होत्या. आता कुठे त्यांना उमगलं, नाकच गेलंय. शोजीला कळलं की हे घर सुटलंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यासुला खरं ते सांगून टाकलं.

"रोज सकाळी येऊन वास घे. शोजीला मात्र चकार शब्द बोलायचा नाही."

"म्हणजे मी तुझं कुत्रं?"

"कुत्र्याला चहाबरोबर वडी कोण देतं?"

यासु रोज यायची, खाली वाकून हुंगायची आणि "पेटव!" म्हणून ओरडायची. मग दोघी शेकत बसायच्या. हे असं निभावून जाईल असं बाईंना वाटायला लागलं होतं.

मग ते वादळ आलं. सकाळी उठून पाहतात तर वीज गेलेली, विजेचा हीटर थंडगार, श्वासाची वाफ दिसतेय. बाईंनी अंगणातल्या खोपटातून रॉकेलचा डबा आणून शेगडी भरली. काडी काढली आणि त्यांना शेगडीखाली ओल दिसली. बुटांवरचा बर्फ वितळला होता की रॉकेल सांडलं होतं? त्यांनी बोट फिरवून पाहिलं. त्या फळ्यांना आयुष्यभर मेण चोळलेलं, हाताला सगळंच तेलकट लागत होतं. त्यात बोटं बधिर. बोट नाकाशी नेलं, पण उपयोग काय? आणि पुसून घेतलं तरी शेगडी गळतेय का, ते कळणार नव्हतं.

त्यांनी यासुला फोन लावला.

"माझं दारच उघडत नाहीये गं, वाऱ्याने माझ्याच दाराशी कमरेएवढा बर्फ लोटलाय. फोनवरून हुंगू का?"

दोघी हसल्या. मग यासु म्हणाली, "पेटवू नकोस. शोजीला सांग."

"तो नेईल मला."

"नेईल."

बाई गोधडी पांघरून बराच वेळ काडी हातात घेऊन बसल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि आगीपेक्षा सेंदाईची जास्त. शेवटी त्यांनी काडी पेटीत ठेवली आणि फोन लावला.

"शोजी, मला वास येत नाही रे. पानगळीपासून."

"शेगडी पेटवलीस?"

"नाही."

"रस्ता मोकळा झाला की निघतो. कपडे भरून ठेव, आई."

"बरं," मित्सुबाई म्हणाल्या.

शोजी थांबला. आई आता भांडेल, घर सोडणार नाही म्हणेल, म्हणून त्याने वाट पाहिली. पण पलीकडून फक्त कपड्यांचं कपाट उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्याला रडू फुटलं.