मोजणीदारकाकांची निजायची खोली

वऱ्हाडच्या चारही जिल्ह्यांत ज्याने पाठ टेकली नाही असं गाव शोधून सापडायचं नाही, आणि तरीही स्वतःच्या घरात ज्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे घरमालक. जळगाव जामोदच्या शाळेवर मास्तर म्हणून मी रुजू झालो, तेव्हा त्यांच्या घराची पुढली खोली मला राहायला मिळाली. सर्व्हे खात्यात तीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजून ते त्याच वर्षी पेन्शनीत निघणार होते, आणि तेव्हा चार दिवसांच्या रजेवर घरी आले होते. सगळं गाव त्यांना मोजणीदारकाका म्हणे. मीही तेच म्हणू लागलो. ट्रंक आणि वळकटी घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, जात तर नाहीच नाही. चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, तुमी कोन्या कुशीवर झोपता?"

मी गडबडून म्हणालो, "डाव्या."

"मंग खाट तिकडल्या भिंतीशी लावा. इकडे लावली त तोंड भिंतीकडे येईन. भिंतीकडे तोंड करून झोपलेला मानूस वाईट सपनं पाह्यते. एका पटवाऱ्याचं पाह्यलं मी तसं."

पटवाऱ्याला काय स्वप्न पडायचं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. पण खाट त्यांनी सांगितलेल्या भिंतीशीच लावली, आणि खरं सांगायचं तर पुढे जिथे जिथे बदली झाली तिथे तिथे मी आधी डावी कूस कुठे येते ते पाहत आलो.

काकांना जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल कुतूहल होतं आणि ते कुतूहल मोजल्याशिवाय शमत नसे. रस्त्याने चालताना ते पावलं मोजत. मध्येच कुणी रामराम घातला तर नुसतं एक बोट वर करत, पुढल्या कडुलिंबापर्यंत जाऊन हिशेब मनात पक्का करत, मग परत फिरून "हं, आता बोला" म्हणत. तोवर समोरचा बहुधा निघून गेलेला असे. वरवट बकालला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी हा गृहस्थ अक्षता हातात धरून मांडवाच्या खांबाखांबांतलं अंतर पावलांनी मोजत फिरत होता. मुलीच्या बापाने हात जोडून विचारलं तेव्हा म्हणाले, "मांडव पूर्वेकडे कलला हाये, बाकी काई नाई." जेवणं सुरू झाल्यावर वावटळ आली आणि मांडव पूर्वेकडेच, थेट बुंदीच्या परातींवर बसला. तेव्हापासून त्या भागात काकांनी फिरून पाहिल्याशिवाय कुणी मांडवाला आंब्याचा डहाळा बांधत नसे, आणि काकांनाही बिनआमंत्रणाची कितीतरी लग्नं जेवायला मिळत.

नोकरीची तीस वर्षं त्यांनी तंबूत काढली. तंबू नसेल तिथे चावडीत, देवळाच्या सभामंडपात, कडब्याच्या गंजीवर, गाडीखाली. पावसाळ्यात बुलढाण्याला कचेरीत बसून नकाशे काढायचे, आणि पाऊस उघडला की पुन्हा साखळी आणि निशाणं घेऊन रानात. घरी येत ते दिवाळीला आणि अधूनमधून चार दिवस, तेही कधी येतील ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसे. नागपूरहून हुकूम सुटला की ते सुटत. घरी आले तरी बाज अंगणात टाकून झोपत.

मागे घर चालवत होत्या काकू. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. शेत, कापूस, सासूबाईंचं आजारपण, सगळं त्यांनी एकटीने निभावलं होतं. काका पेन्शनीत निघणार त्या वर्षी त्यांनी कुणाला न विचारता घराच्या मागच्या अंगाची कापसाची कोठी रिकामी केली आणि तिची निजायची खोली करायला घेतली. करीम मिस्त्री म्हणून गावातला जुना कारागीर होता, त्याला बोलावलं. मातीच्या भिंतींवर चुना चढला, चुन्यात जराशी नीळ पडली. खाली दगडी फरशी आली. उत्तरेच्या भिंतीत, जिथे आजवर उंदराच्या बिळाशिवाय उजेडाला वाट नव्हती, तिथे एक खिडकी आली. तिच्यातून सातपुड्याची निळी रांग दिसे. आणि सागवानी पलंग. कोठीचं दार इतकं अरुंद की पलंग बाहेर करून आत नेता येईना, म्हणून सुताराने तो खोलीतच बसून केला. पलंग पुरा झाला तेव्हा सुतार म्हणाला म्हणे, "काकू, हा आता येथून निंघाचा नाई." काकू म्हणाल्या, "मालूम हाये मले. म्हनूनच असा करवला."

काका कायमचे घरी आले त्या दिवशी मी तिथेच होतो. काकूंनी खोलीत उदबत्ती लावली होती, कोनाड्यात पाण्याचा तांब्या झाकून ठेवला होता, आणि त्या दाराशी पदर सावरून उभ्या होत्या. काका उंबऱ्यावर थांबले, खोलीकडे पाहिलं, आणि परत फिरून मोजणीची साखळी घेऊन आले. तासभर मोजणी चालली. शेवटी गुडघ्यावर हात टेकून उठत म्हणाले, "पूर्वेची भिंत चार बोटं आखूड हाये."

करीम मिस्त्री विडा चघळत बाहेर बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "भिंत बराबर हाये, काका. तुमची साखळी म्हातारी झाली."

"साखळी सरकारी हाये."

"सरकारी हाये म्हनूनच म्हातारी झाली. भिंत नवी हाये."

हा वाद पुढे वर्षभर चालला. दोघंही एकमेकांची वाट पाहत, रोज नव्या मुद्द्याने तोच वाद घालत, आणि वाद घालून झाला की एकत्र चहा पीत. काकूंनी मात्र त्या दिवशी पुढे होऊन पलंगावरची चादर नीट केली आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. चादर आधीच नीट होती.

खोली झाली, पण काकांना तिच्यात झोप लागेना. पहिले काही दिवस दोष वासाचा आहे असं ठरलं. कोठीत वर्षानुवर्षं कापूस साठलेला. भिंतींत सरकीचा वास मुरला होता. काका गुडघ्यांवर रांगत भिंतीला नाक लावून वास कुठवर आहे त्याची खडूने हद्द आखत. मग दोष पालीवर गेला. मग वाऱ्यावर. पलंग आठही दिशांना फिरवून झाला. फरशीवर त्याच्या पायांचे ओरखडे असे उमटले की एखाद्या वादातल्या वावराचा नकाशा वाटावा. "बाहेर अंगनात नेऊन पाह्यतो," असं एकदा त्यांनी म्हटलं, आणि पलंग दारातून जात नाही हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी दार मोजलं, पलंग मोजला, आणि काकूंकडे पाहिलं. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. शेवटी काकांनी आपली जुनी बाज पुन्हा अंगणात टाकली.

तरी शोध थांबला नाही. चारचौघांना घरात झोप कशी लागते, हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. त्यांनी एक वही केली आणि गावभर विचारत सुटले. न्हाव्याला दाढी करता करता विचारलं. न्हावी म्हणाला, गिऱ्हाईक समोर नसलं की लागते. गादी भरायला आलेल्या पिंजाऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "लोकाईच्या गाद्या भरून भरून मले जमिनीवरच लागते, काका." कापसाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने सांगितलं की झोप लागत नाही, पण हे कुणाला सांगू नका. काकांनी ते वहीत लिहिलं आणि शेजारी "सांगू नये" असं लिहून ती वही मला वाचायला दिली.

असे तीनचार महिने गेले. मग दुसरबीडहून एक पत्र आलं. तिकडल्या दोन भावांची वाटणी अडली होती आणि दोघांचाही विश्वास फक्त मोजणीदारकाकांच्या साखळीवर होता. महिना-दीड महिन्याचं काम. वावरातच तंबू ठोकून देतो, असं त्यांनी लिहिलं होतं. तंबू हा शब्द काकांनी मला दोनदा वाचून दाखवला. त्या दिवशी ते पावलं न मोजता शाळेपर्यंत माझ्याबरोबर चालत आले.

निघायच्या सकाळी रविवार होता. मी ओसरीवर मुलांच्या वह्या तपासत होतो. मधलं दार उघडं होतं. काका ट्रंकेशी बसले होते आणि काकू त्यांच्या धोतरांच्या घड्या घालत होत्या. घडी घालता घालताच, आवाज जराही न चढवता, त्या म्हणाल्या, "गावातल्या समद्याईले इचारलं तुमी. न्हाव्याले इचारलं, पिंजाऱ्याले इचारलं, मास्तरले इचारलं. मले नाई इचारलं."

"काय?" काकांनी विचारलं.

"माह्यी झोप कशी हाये ते."

काकांचा हात ट्रंकेच्या झाकणावर तसाच राहिला.

"तुमी कवा याल याचा भरोसा नसे. मांजरीनं ओट्यावरून उडी मारली तरी मले वाटे, आले. तीस वर्षं सैपाकाच्या खोलीत दाराशी पटकूर टाकलं, कडीले हात पुरंन एवढ्या अंतरावर. दाराले कडी घालून, कोनाची वाट न पाह्यता, एक झोप नाई झाली माह्यी. म्हनून खोली केली. तुमाले वाटलं, तुमच्यासाठी केली."

मी वहीत डोकं घालून बसलो. उठून जावं तर पाय वाजतील, बसावं तर ऐकू येतं. मग काकांचा आवाज आला. "मंग आता लागते का झोप?"

"कशी लागन? तुमी अंगनात असता. दार उघडंच ठेवा लागते."

काकांनी खिशातून वही काढली, पेन्सिल काढली. मला वाटलं, आता हेही लिहून घेणार. पण त्यांनी वही उघडली नाही. ती ट्रंकेत टाकली, परत बाहेर काढली, कुठे ठेवावी ते न कळल्यासारखी हातातच धरली. मग एखाद्या नवख्या उमेदवाराने साहेबाला विचारावं तसं विचारलं, "मी दुसरबीडले जाऊ का नको?"

"जा. शब्द देल्ला हाये ना," काकू म्हणाल्या. "पन या खेपी मीही येईन. तीस वर्षं तुमाले त्या तंबूत काय गोड लागलं, ते एक डाव पाहाचं हाये मले."

दुपारच्या मोटारीने दोघं गेले. पुढला प्रवास बैलांच्या दमणीने. त्या वयाची बाई नवऱ्याबरोबर तंबूत राहायला निघाली, याचं गावात महिनाभर नवल चाललं होतं, करीम मिस्त्री तेवढा म्हणाला, "जाऊ द्या. आता साखळी सीधी धरनारं कोनी भेटलं त्याले."

ते परतले तेव्हा काकू उन्हाने रापल्या होत्या आणि मी त्यांना प्रथमच भराभर बोलताना ऐकलं. पहिल्या दिवशीच तंबूत त्यांना अशी गाढ झोप लागली की रानातली कुत्री भुंकली, बैल सुटले, माणसं धावली, त्यांना काही पत्ता नाही. "ज्याची वाट पाहाची तो बाजूलेच झोपेल होता," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर चालताना काका मध्येच थांबले, डोंगराकडे पाहत म्हणाले, "मी पह्यल्यांदाच पाह्यलं, मास्तर. किती गाढ झोपते ते." आणि पावलांचा आकडा चुकला म्हणून मागल्या कडुलिंबापासून पुन्हा सुरुवात केली.

त्यानंतर अंगणातली बाज कुणीतरी मागून नेली आणि परत आणून दिली नाही. काकांनीही मागितली नाही. दुपारी जेवणं झाली की मागल्या खोलीचं दार आतून बंद होई आणि कडी घातल्याचा आवाज ओसरीपर्यंत येई. भर दुपारी म्हातारा-म्हातारी दार लावून बसतात, हे त्या काळी गावाला पचण्यासारखं नव्हतं. कुणी हाक मारायला आलं की मी ओसरीवरूनच सांगे, घरी नाहीत. मास्तर असून मी जितकं खोटं त्या वर्षी बोललो तितकं पुढे कधी बोललो नाही. एकदा मी काकांना विचारलं, आता तरी झोप लागते का? त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाले, "कायची लागते. पडून राह्यतो. मी हाललो का तिले जाग येते."

पुढल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी माझी बदली झाली. हुकूम अचानक आला. नांदुऱ्याची मोटार दुपारी सुटायची. निघताना दोघांच्या पाया पडायचं असं मी ठरवलं होतं, पण त्या दिवशी मोटार वेळेआधीच चौकात येऊन कर्णा वाजवू लागली. मी मागल्या खोलीपाशी गेलो. दार बंद होतं. आत काकूंचा झोपेतला श्वास ऐकू येत होता, संथ, लांब. काका जागे असणार हे मला पक्कं ठाऊक होतं. एक हाक पुरली असती. मी दाराच्या चौकटीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वळलो. तेवढ्यात आतून काकांचा अगदी दबलेला, कुणाला जाग येणार नाही इतका हलका खोकला आला. मी क्षणभर थांबलो. दुसरा आला नाही. मग ट्रंक उचलली आणि पायरी न वाजवता उतरलो.

पुन्हा जळगावला जाणं झालं नाही.