चार चाकांखाली चार लिंबं

कुंभकोणम् इतकं सपाट गाव, की सायकलवरून उतरायची पाळी आमच्यावर फक्त अरसलार नदीच्या पुलावर येई. तोही चढ म्हणजे काय, एखाद्या जाड्या माणसाला जरा दम लागेल इतपत. अशा गावात माझ्या मामांनी इंग्लंडहून डोंगर चढण्यासाठी बनवलेली गाडी आणली आणि आमच्या दारात उभी केली. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी, आणि घरात लग्नाचा विषय निघाला की मागच्या दारानं विहिरीकडे जाणारी.

गाडी दिसायला अगदीच गरीब. पांढरी, बुटकी, तीन दारांची. तिसरं दार मागचं, वर उघडणारं. साधारण तशीच पांढरी छोटी गाडी आमच्या रस्त्यावरच्या डॉक्टरांकडेही होती. त्यामुळे घरी येणारा प्रत्येक माणूस एकदा इकडे बघे, एकदा तिकडे बघे आणि मामांना विचारी, "हीच आणायला इतक्या लांब गेला होतात?" मामा नुसते हसत. संताप मला येई. वाटे, या लोकांना अंगणात ओळीनं बसवावं आणि फळ्यावर आकृती काढून समजावून सांगावं.

कारण ती गाडी काय आहे हे सगळ्या गावात आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मामा इंग्लंडमधल्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. वाचून झालेली मोटारींची मासिकं ते बोटीनं माझ्या थोरल्या भावासाठी पाठवत. भाऊ त्यांची वह्यांना कव्हरं घालायचा, आणि कव्हरं व्हायच्या आधी मी ती अथपासून इतिपर्यंत वाचून काढायची. 'टर्बो' हा शब्द मला 'हनिमून'च्या किती तरी आधी कळला. आईला वाटायचं, मुलगी इंग्रजी सुधारतेय. तिनं शेजारणींना तसं सांगूनही टाकलं होतं.

साध्या गाडीची दोनच चाकं तिला ओढतात, पुढची किंवा मागची. उरलेली दोन नुसती बरोबर येतात. या गाडीची चारही चाकं ओढणारी. एका जपानी कंपनीनं ती जंगलातल्या, चिखलातल्या, बर्फातल्या शर्यतींसाठी बनवली होती, आणि शर्यतीचा नियमच असा होता, की जी पळवायची ती थोडी तरी सामान्य लोकांनाही विकली पाहिजे. म्हणून नाइलाजानं बनवलेल्या मोजक्या गाड्यांपैकी ही एक. गिअरच्या दांड्याजवळ एक बटण होतं. ते दाबलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी होत. एक जोडी फिरली की दुसरीला फिरावंच लागे.

मामा-मामींनी ती पहिल्यांदा पाहिली ती एका जंगलात, शर्यत बघायला गेले असताना. पाऊस, गुडघाभर चिखल, मामी नऊवारीवर रेनकोट घालून उभी. मोठमोठ्या गाड्या वळणावर घसरत होत्या, आणि ही पांढरी चिमुरडी आली ती चिखलाला चावतच निघून गेली. मामी म्हणाली, "ही आपण कोल्लीमलैवर नेऊं." मामीचं लहानपण त्या डोंगराच्या पायथ्याशी गेलेलं. वर जाणाऱ्या रस्त्याला सत्तर वळणं, एकेक पुन्हा मागे फिरणारं. मामा निवृत्त झाले की गाडी घेऊन भारतात यायचं आणि ती सत्तर वळणं चढायची, असं दोघांचं ठरलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मामी गेली. मूलबाळ नव्हतं. मामा गाडी घेऊन एकटेच आले.

आल्यावर महिनाभरात त्यांनी मला तिरुविसनल्लूरच्या बाजूला, कावेरीच्या काठच्या रस्त्यावर गाडी शिकवायला घेतली. मला वाटलं, कौतुकानं शिकवतायत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"माझे डोळे जाताहेत," ते म्हणाले. "काचबिंदू. दोहीं बाजूंनीं पडदा सरत येतो आहे. पुढल्या वर्षीं मज गाडी हांकतां येणार नाहीं. तूं घरांत कोणास सांगूं नको, सरी?"

मी "सरी", म्हणजे बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली की लगेच कोल्लीमलै, असं आम्ही तिथंच ठरवलं. हांकणार मामाच. मी शेजारी बसून कडेचं, त्यांना न दिसणारं, सांगत राहायचं. तोवर आपल्या हातात वेळ आहे असं वाटत होतं.

मध्यंतरी आईच्या आग्रहानं गाडीची देवळापुढे पूजा झाली. आमच्याकडे गाडीच्या पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यांवरून पुढे नेतात, दृष्ट चिरडली जावी म्हणून. पुजाऱ्यांनी दोन लिंबं ठेवली. मी म्हटलं, चार हवीत. त्यांनी विचारलं, कशाला? मी त्यांना तिथंच, देवळाच्या दारात, चार चाकांच्या ओढीचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि हिच्याशी वाद घालण्यापेक्षा दोन लिंबं परवडली अशा चेहऱ्यानं आणखी दोन ठेवली. मामा खो खो हसले. त्यांना तसं हसताना मी मामी गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

इथं आमच्या घराची एक सवय सांगायला हवी. आम्ही तंजावरकडचे मराठी; पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी बोलायचं आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. आईशी घरात सुरू झालेलं भांडण फाटकापाशी आपोआप तमिळमध्ये जाई आणि परत येताना पायरीवर मराठी होई. मामांच्या गाडीत मात्र दार लावलं की घरच, म्हणून मराठी. नंतर मी पुण्याला आले तेव्हा लोक आमची जुनी मराठी ऐकून गालात हसत, पण या अदलाबदलीचं मात्र त्यांना नवल वाटे. आम्ही कधी चुकत नसू. मी आयुष्यात एकदाच चुकले.

सुट्टी लागायला आठवडा होता. गाडी वळवताना पुढच्या चाकाशी टक-टक आवाज यायला लागला, म्हणून आम्ही ती तिरुभुवनम्‌च्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथला मेकॅनिक चाळिशीचा, कसलेला माणूस. आवाज ऐकून रोग सांगणारा. मला तो टीचर म्हणे आणि मामांना सार. त्याला मी सगळं समजावून सांगणार होतेच, पण आधी समोरच्या दुकानात कॉफी सांगायला रस्ता ओलांडून गेले. माझी गणिताची सवय अशी, की पायरी गाळलेली मला मुलींना चालत नाही. त्या दिवशी मीच गाळली.

मागे वळून बघते तर त्यानं गाडीचं तोंड उचलून पुढच्या दोन चाकांलगत, गाडीच्या पोटाखाली लोखंडी घोडे लावलेले. चाकं हवेत. डॉक्टरांच्या गाडीला तो हेच करत असे: पुढची चाकं हवेत फिरवायची आणि आवाज ऐकायचा. मागची चाकं जमिनीवर, ती बिचारी काही करत नाहीत, म्हणून त्यांना अडसरही लावलेला नव्हता. तो आत बसला होता. इंजिन सुरू होतं. त्याचा डावा हात गिअरकडे गेला. आणि ते बटण दाबलेलं होतं. सकाळीच मामांनी मला काही दाखवताना दाबलं होतं आणि तसंच राहिलं होतं.

मी ओरडले, "गिअर घालूं नका! मागलीं चाकेंही ओढतात!"

मराठीत.

मेकॅनिकनं खिडकीतून माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, टीचर मामांशी काही बोलतायत. तो हसला, मान डोलावली आणि गिअर घातला. गाडी घोड्यांवरून उडी मारून समोरच्या दगडी भिंतीवर गेली.

मामा बाजूला उभे होते; कडेला काय चाललंय ते त्यांना दिसलंच नव्हतं. मेकॅनिक आत सुखरूप होता. कोणाला साधं खरचटलंही नाही. पण गाडीचं नाक आत गेलं, दिवा फुटला, रेडिएटर फाटून पाणी भळाभळा वाहायला लागलं. मेकॅनिक खाली उतरला आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. मी रस्ता ओलांडून गेले तेव्हा तो म्हणत होता, आधी सांगायचं ना टीचर, आधी सांगायचं ना. एक 'निल्लुंगो' पुरे होतं. 'थांबा' इतकंच. रोज शाळेत मी तो शब्द शंभरदा ओरडत असे.

घरी आल्यावर मी रडले. मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, बटण मीच विसरलों. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणत होते. मला बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही.

त्या गाडीचा एक खिळासुद्धा आपल्या देशात मिळत नव्हता. मामांच्या इंग्लंडमधल्या जुन्या सोबत्यानं दिवा आणि काही भाग शोधून बोटीनं पाठवले; ते यायला महिनेच्या महिने लागले. रेडिएटर मात्र कुंभकोणम्‌नंच दुरुस्त केला. मेकॅनिक तो उचलून आमच्या गावच्या एका पितळी भांडी करणाऱ्याकडे घेऊन गेला. त्या म्हाताऱ्यानं तो उलटसुलट करून पाहिला, हा कसला हंडा म्हणून विचारलं, आणि मग घागरीला डाख द्यावा तसा एकेक सांधा जोडून दिला. पाण्याचा एक थेंब गळला नाही. मेकॅनिक रोज संध्याकाळी आपलं काम आटपून त्या गाडीपाशी बसे. नाक त्यानं हातोडीनं ठोकून ठोकून सरळ केलं. डाव्या बाजूला एक पोचा राहिलाच.

गाडी उभी राहिली तेव्हा पोंगल होऊन गेला होता. एका सकाळी मामांनी ती फाटकाबाहेर काढली आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याच्या अगदी जवळून नेली. त्यांना तो दिसलाच नव्हता. ते तिथंच थांबले, उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि घरात गेले. दोन दिवस ते जेवायला बसत आणि उठत, एवढंच. त्यांनी चिडावं, मला बोलावं, असं मला फार वाटत होतं. तिसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता म्हणाले, "मग कधीं निघायचें?"

पुढच्या मे महिन्यात, पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर आम्ही निघालो. आई-अप्पांना वाटत होतं, मामा गाडी हांकणार. मी गाडीत उजव्या बाजूला बसले तेव्हा आई काहीतरी म्हणायला तोंड उघडणार होती, तेवढ्यात मेकॅनिक सायकलवरून आला. त्यानं आईला नमस्कार केला, खिशातून लिंबं काढली आणि वाकून चारही चाकांखाली एकेक ठेवलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या डाव्या चाकाखालचं लिंबू घरंगळलं, ते त्यानं पुन्हा नीट बसवलं. मला गाडी पुढे घेताना समोरचं जरा धूसरच दिसत होतं.

कोल्लीमलैच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा वर ढग होते आणि रस्ता ओला होता. मी बटण दाबलं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी. मी मोठ्यानं वाचत होते. मामा डाव्या बाजूला हात मांडीवर ठेवून बसले होते. त्यांना आता समोरचा रुपयाएवढा तुकडा दिसे, बाकी काही नाही. त्या टप्प्यावर दरी त्यांच्याच बाजूला होती. मी गोगलगायीसारखी चालले होते. मागे एक बस येऊन कर्णा वाजवायला लागली.

"हळूं कां जातीस?" मामांनी विचारलं.

"दरी आहे, मामा. किती खोल आहे, तुम्हांस दिसत नाहीं."

"दिसत नाहीं, तर मी कशास भिऊं?" ते चिडून म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदा ते माझ्यावर चिडले. "तुझी मामी इतकी हळूं चालायला म्हणाली होती का? दुसरा गिअर घाल. वळणांत पाय काढूं नको. ओढूं दे तिला."

मी दुसरा गिअर टाकला आणि वळणात पाय काढला नाही. चारही चाकांनी ओला रस्ता धरला, गाडीचं नाक आत वळलं, आणि मासिकात हजारदा वाचलेली ती ओढ माझ्या पाठीला लागली. मामांनी डोळे मिटून घेतले होते. ते हसत होते, देवळापुढे हसले होते तसे. मलाही हसू आलं, आणि रडूही येत होतं.

"मामा," मी म्हटलं, "थांब म्हणायचें झालें तर तमिळांत सांगा हो. नाहीं तर घोटाळा होतो."

"मी थांब म्हणणारच नाहीं," ते म्हणाले.

आणि सत्तराव्या वळणापर्यंत तो शब्द त्यांनी काढला नाही, कुठल्याच भाषेत.