पोपड्याची चव

निमगाव केतकीत आमच्या घराला लागूनच भाड्यानं दिलेली एक खोली आहे. तिच्या स्लॅबचा पोपडा पडला, म्हणून मी बाजारात भेटलेल्या एका गवंड्याला दाखवायला नेलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

स्लॅबच्या कडीला पाळणा टांगला होता आणि त्यात भाडेकरणीचं बाळ झोपलं होतं. गवंड्यानं पडलेला तुकडा उचलला, अंगठ्यानं चुरला आणि सरळ जिभेला लावला.

"तात्या, बांधताना पाणी कुठलं वापरलं?"

"बोअरचं." ते खारं होतं, पण गोड्या पाण्याचा टँकर कोण मागवत बसणार, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यानं आधी बाळ उचलून आईकडं दिलं, मग पाळणा सोडला.

"ताई, हितं आता कुणी निजायचं न्हाय." मग तो माझ्याकडं वळला. "मिठानं आतलं लोखंड खाल्लंय. तुमी वरनं रंग मारून नुसतं झाकत आलाय."



जाताना त्यानं विचारलं, "तुमचं घर कवाचं?"

"ह्या खोलीबरोबरच बांधलं."

तो चपला घालून निघून गेला.

काल आमच्या माजघरात पोपडा पडला. तो माझ्या मुठीत आहे. जिभेला लावायचा धीर होत नाही.