छावणीतली अक्का

आमच्या कल्याणच्या नाटकमंडळीत आईचं काम करणारा नट दिसायला अगदी राकट होता. रुंद खांदे, जाड भुवया, हाताला घट्टे. पण पडद्याआडून त्याने नुसतं “बाळा” म्हटलं, की भाताच्या वखारीत दाटीने बसलेले प्रेक्षक गप्प होत. मंडळीत सगळे त्याला अक्का म्हणत. माझ्याहून तो बराच मोठा, तरी मी त्याच्याशी अगं-तुगंच करायचो.

देवी आलेल्या मुलाची आणि त्याच्या आईची गोष्ट सांगणारं आमचं एक नाटक होतं. मी त्यात वैद्य होई. मुलगा जातो त्या प्रवेशात अक्का रडत नसे. अंथरुणाची सुरकुती सरळ करी, मुलाचे तळवे चाचपून बघी आणि मला बसायला पाट देई. तेवढ्यावर भलेभले व्यापारी उपरण्यात तोंड लपवीत. मालकांना हंबरडा हवा होता. अक्का म्हणाला, “आईला रडायला सवड कुठे असते? ते काम प्रेक्षकांचं.”

हे तो आजाऱ्यांच्या घरी शिकला. गावात कुणी अंथरुणाला खिळलं, की तो जाऊन पाणी भरी, लाकडं फोडी आणि उशाशी बसलेल्या बाईचे हात बघत राही. त्याची स्वतःची आई तो रांगत असतानाच गेली होती.

मग प्लेग आला. नाटकं बंद झाली. खाडीकडच्या मोकळ्या रानात झावळ्यांनी शाकारलेल्या झापांची छावणी उभी राहिली आणि गाठ आलेल्या माणसाला घरातून उचलून तिकडे नेऊ लागले. माझ्या आईने घरीच प्राण सोडला. पाठोपाठ माहेरी आलेल्या धाकट्या बहिणीला, यमूला, ताप भरला. आई गेल्याचं आम्ही तिला सांगितलंच नव्हतं. छावणीत ती एकसारखी आईला हाका मारी, आणि मी झापाच्या तोंडाशी उभा राहून ऐके.

अक्का आला तो भरदुपारी. मळकं धोतर, दाढीचे खुंट वाढलेले. तो यमूच्या पायाशी बसला, तिचे तळवे त्याने हातात घेतले.

“आई, कुठे होतीस?” यमूने विचारलं.

“पाणी आणायला गेले होते गं. विहिरीवर गर्दी होती.”

यमूने डोळे मिटले. मग तिने पुन्हा हाक मारली नाही. दिवेलागणीला ती गेली.

मला वाटलं, अक्का आता घरी जाईल. पण शेजारच्या खाटेवरून कुणीतरी “आई” म्हणून हाक मारली आणि तो तिकडे वळला. छावणीच्या डॉक्टरांनी आधी त्याला हुसकून लावलं होतं. पुढे तो दिसला नाही तर तेच चौकशी करू लागले.

साथ ओसरल्यावर मंडळीने तेच नाटक पुन्हा बसवायला घेतलं. तालमीला शहाडच्या एका नावाड्याची बायको आली. तिचा तरणा मुलगा छावणीत दगावला होता आणि तिला आत सोडलं नव्हतं. शेवटी अक्काने त्याला ओ दिली, हे तिने ऐकलं होतं. अक्काला तिने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“त्याला कललं का, मी तिथं नव्हते त्ये?”

अक्का म्हणाला, “नाही, मावशी. त्याच्या लेखी तुम्हीच होतात.”

बाई खाली बसली. बराच वेळ तिने त्याचा हात धरून ठेवला. उठताना म्हणाली, “मंग माजं काय राह्यलं?”

त्यानंतर अक्काने लुगडं नेसलं नाही. मालकांनी परोपरीने विनवलं. तो पडदा ओढायचं काम करू लागला. आईचं काम करणारा नवा नट हंबरडा फोडी, टाळ्याही पडत. अक्का त्या प्रवेशाला मान फिरवून उभा राही.

पुढच्या हिवाळ्यात साथ परतली तेव्हा मंडळी वऱ्हाडच्या दौऱ्यावर निघाली होती. अक्का आमच्याबरोबर आला नाही, छावणीत राहिला. आम्ही परतलो तेव्हा तोही गाठ येऊन गेल्याचं कळलं. मी डॉक्टरांना गाठून विचारलं, शेवटी त्याने कुणाला हाक मारली का.

“नाही,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणी हाक मारली, की ओ तेवढी देत होता.”