बेडूक, बॉम्ब आणि नाल्यावरची झाडं

पाऊस सुखदेवमुळे गेला, असं मी एकदा चारचौघांत बोललो. शुद्ध गाढवपणा! आपणहून हे मी कधी कुणाजवळ काढलं नाही — आज तुमच्याजवळ काढतोय.

सुखदेवच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला, त्याच्या पुढच्या वर्षी मृग कोरडा गेला. आमच्या सिंदीला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली आम्ही बसायचो. फांद्यांना मागच्या हंगामाचा कापूस चिकटलेला — वारा आला की पांढरे पुंजके तरंगत जायचे, आणि अर्धवट झोपेत मला ते ढगच वाटायचे. पाऊस गेला कुठं, यावर रोज वाद. कुणी म्हणे अणुबॉम्बनं आभाळ बिघडलं, कुणी आगगाडीच्या धुराला धरी. मी सगळ्यांचीच टर उडवायचो. हुशार ना मी!

त्या दुपारी सुखदेव — माझा लहानपणापासूनचा मित्र, माझ्याच वावरात डवरणीच्या मजुरीला येणारा — हळूच म्हणाला, "नाल्यावरची झाडं गेली ना गा, तवापासून हवा बदलली."

ती झाडं माझी होती. जिनाच्या बॉयलरला जळण म्हणून मीच विकलेली. त्यानं नाव घेतलं नाही, नुसतं माझ्याकडं पाहिलं — आणि मी घाबरलो.

पूर्वी पाऊस लांबला की त्याच्या वस्तीतली माणसं मुसळाला बेडूक बांधून दारोदार फिरवायची. धम्म घेतल्यावर त्यांनी ते सोडलं. मी म्हटलं, "झाडाचं काय घेऊन बसला बाप्पा! तुमी बेडूक फिरवनं सोडलं, म्हनून रुसला तो."

सगळे हसले. सुखदेव नाही.

थट्टाच होती — पण गावानं ती थट्टा राहू दिली का? पाऊस अडल्याचा ठपका सुखदेववर आला; त्याच्या घराला काम मिळेना, वाणी मीठ देईना. मी एक शब्द बोललो असतो तर? पण मग झाडांचा विषय निघाला असता. सुखदेव बायकोपोरांसह नागपूरच्या गाडीत बसला, आणि दुसऱ्याच दिवशी आभाळ फुटलं. "पाहा, तो गेला अन् हा आला!" लोक म्हणाले. मी मान डोलावली.

पाऊस कशानं अडला होता, ते मला आजही सांगता येणार नाही. सुखदेवमुळे नव्हता अडला, एवढं मात्र तेव्हाच ठाऊक होतं.

झाडं नसलेला नाला काठ खात माझ्या वावरात शिरला. मी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, भिजत उभा — काळी माती स्वप्नातल्यासारखी सावकाश वाहत चाललेली. मागून बायको म्हणाली,

"झाडं तुमी इकली, मानूस तुमी हाकलला. आता पावसाकडे काऊन पाहून राह्यले?"