पाचवं शील

माहेरी आणि सासरी, दोन्ही घरांत बी.ए. झालेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

माहेर गोंडपिपरीचं. तिथे वडील दुसऱ्यांच्या धानात राबायचे. सासर धानोऱ्याचं, नवरा राईस मिलवर कामाला. तो दहावी नापास, पण माझी ओळख करून देताना त्याची मान माझ्यापेक्षा ताठ व्हायची. "आमच्या मॅडम," म्हणायचा. सासूला मी वस्तीतल्या सगळ्यांसारखं माय म्हणायचे. मायला अक्षर येत नव्हतं. पगाराच्या दिवशी मी कुठे सही केली ते बघायला ती कागद उलटा धरायची आणि म्हणायची, "बरी हाये."

आमच्या वस्तीत टिनाच्या छपराचं विहार आहे. पौर्णिमेला वंदना कोणी घ्यायची हा प्रश्न मी लग्न होऊन आले आणि कायमचा मिटला. शिकलेली सून आली, तिनेच घ्यायची. मी पुढे बसायचे, एकेक ओळ म्हणायचे आणि चाळीस-पन्नास माणसं ती माझ्यामागून म्हणायची. मला ते फार आवडायचं, हे लपवून काय फायदा.

तालुक्यात दारूविरोधात बाया उठल्या तेव्हा मायने नाल्याकाठच्या हातभट्टीची मडकी स्वतः काठीने फोडली होती. तहसीलदाराला द्यायचं निवेदन मी लिहिलं. त्यातलं एक वाक्य तहसीलदारांनी दोनदा वाचलं होतं: व्यसनी माणूस स्वतःच्या घरातच चोर होतो. लिहिताना मला वाटलं, काय बरोबर बसलं वाक्य.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी काळी-पिवळीतून पडले. मी शिकवायचे ती शाळा धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या रस्त्यावर. जीपमध्ये आत जागा नव्हती म्हणून मागच्या फळीवर बसले होते. खड्डा आला आणि मी रस्त्यावर. हाड मोडलं नाही, पण कंबरेची गादी सरकली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या कॅप्सूल लिहून दिल्या.

कॅप्सूल घेतली की तासाभरात कंबर हलकी व्हायची, आणि कंबरेसोबत बाकीचंही. एका खोलीत चार वर्ग, त्यात साहेबांची तपासणी, घरी आल्यावर चूल, लेकीचं दुखणंखुपणं. सगळं लांब कुठेतरी चाललंय असं वाटायचं आणि मी हसतमुखाने करत राहायचे. पंधरा दिवस संपले. कंबर दोन-तीन महिन्यांत बरी झाली. कॅप्सूल थांबल्या नाहीत. दिवसाला दोनच्या चार, चारच्या आठ झाल्या.

दुकानात दाखवून दाखवून डॉक्टरांची चिठ्ठी घडीवर फाटायला लागली. मग मी ती लॅमिनेट करून घेतली, ज्या झेरॉक्सच्या दुकानात माझी डिग्री लॅमिनेट केली होती तिथेच. धानोरा, गडचिरोली, माहेरी गेले की गोंडपिपरी, तीन गावांत मी ती चिठ्ठी फिरवली. कधी नवराही मिलच्या कामाने गडचिरोलीला गेला की चिठ्ठी घेऊन जायचा. मास्तरीणबाईचं औषध आणायला त्याने कधी आळस केला नाही.

मला कधी वाटलं नाही की ही नशा आहे. नशा म्हणजे तोंडाला वास येतो, माणूस झोकांड्या खातो, बायकोला मारतो. मी तर दहाला दहा कमी असताना शाळेत हजर असायचे. दर पौर्णिमेला पाचवं शील, नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं, मी खणखणीत आवाजात म्हणायचे, आणि त्या वेळी पर्समध्ये स्ट्रिप असायची.

दुसऱ्या वर्षी थंडीत गोंडपिपरीला गेले. औषधाच्या दुकानातले चाचा माझ्या वडिलांना ओळखणारे, मला फ्रॉकमध्ये पाहिलेले. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उजेडाकडे धरली, वाकवून पाहिली.

"बेटी, चिठ्ठीले कोणी मढवते का? मढवते फोटोले, सर्टिफिकेटले. बिमारी मढवून काय करशीन?"

मला राग आला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी म्हणाले, "चाचा, मी ग्रॅज्युएट आहे. काय लिहिलंय ते मला वाचता येतं."

"वाचता येते म्हणूनच सांगून राह्यलो. वरती तारीख हाये. ते वाच."

मी वाचली नाही. मला पाठ होती. दीड वर्ष होऊन गेलं होतं.

"मी देत नाई," ते म्हणाले. "तुह्या बापाले काय तोंड दाखवू? डॉक्टरकडे जाय. चहा घेऊन जाय आधी."

चहा न घेता निघाले. परतीच्या एसटीत पर्स चाचपली तर एकही कॅप्सूल उरली नव्हती. गडचिरोलीला उतरून दुसऱ्या दुकानात जाता आलं असतं. उतरले नाही. चाचांचं बोलणं डोक्यात बसलं होतं म्हणा, की रविवार होता आणि दुकानं बंद असतील म्हणा. आजही मला नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पौर्णिमा होती. सकाळपासून नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, अंगावर काटा उभा. पोटात पीळ पडत होता. नवरा म्हणाला, "सर्दी झाली तं नको जाऊ." पण मी नाही गेले तर वंदना कोण घेणार? संध्याकाळी पांढरी साडी नेसून पुढे जाऊन बसले. समोर पहिल्या रांगेत माय.

पहिलं शील म्हटलं, दुसरं, तिसरं, चौथं. लोक मागून म्हणत होते. पाचवं म्हणायला तोंड उघडलं आणि चाचांचे शब्द आठवले. बिमारी मढवून काय करशीन. आवाजच फुटेना. कपाळावरून घाम डोळ्यांत आला. लोक थांबले होते, हात जोडून, माझ्या तोंडाकडे बघत. मी पाचवं सोडलं आणि सरळ शेवटाकडे गेले. लोकही गडबडले, मागून कोणी काही म्हणेना.

तेवढ्यात मायने पाचवं म्हटलं. एकटीनं, जागेवरूनच. तिच्यामागून सगळ्या विहाराने म्हटलं.

घरी आल्यावर मायने पायातली चप्पल काढायच्या आधी विचारलं, "पाचवं काऊन सोडलं?"

"विसरली, माय."

"तू? तहसीलदाराचा अर्ज तुले अजून पाठ हाये आन् हे विसरली?"

मी खाली बसले. लॅमिनेट केलेली चिठ्ठी पर्समधून काढून तिच्यासमोर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं म्हणून सगळं तोंडाने सांगावं लागलं. कोणत्या गावातून किती आणल्या, कधीपासून, कंबर कधीच बरी झाली होती हेसुद्धा. नवरा दारात उभा होता. मी थांबल्यावर तो एवढंच म्हणाला, "म्हणजे मीच आणून देत होतो." आणि बाहेर जाऊन अंगणात बसला. मला त्या निवेदनातलं वाक्य आठवलं. स्वतःच्या घरातच चोर.

माय उठली आणि त्याला हाक मारली. "आत ये रे. तू काय रडून राह्यला, रडाची पाळी तिची हाये. भात वाढ."

दोन दिवसांनी आम्ही तिघं गडचिरोलीला त्याच डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते म्हणाले, अशी माणसं माझ्याकडे येतात, फक्त शिकलेली उशिरा येतात. एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवायचं, रोजच्या आठातली दर आठवड्याला एक कमी. आणि कॅप्सूल दुसऱ्या कोणाच्या ताब्यात पाहिजेत. "घरात कडक कोण आहे?"

मी आणि नवऱ्याने एकाच वेळी मायकडे पाहिलं. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि सगळं तिला समजावून सांगितलं. माय प्रत्येक गोष्टीला हं म्हणत होती. कागद मात्र त्यांनी माझ्या हातात दिला.

मायच्या कमरेला तंबाखूची चंची असायची, तीन कप्प्यांची. घरी आल्यावर तिने एक कप्पा झटकून साफ केला आणि कॅप्सूल त्यात भरल्या. मग तंबाखूच्या कप्प्याकडे बघत बसली.

"मीबी तंबाखूले नशा म्हणत नोव्हती," ती म्हणाली. "तुह्या गोळ्यांतली एक कमी होईन तशी माह्यी एक चिमूट कमी. मंग तं झालं?"

मी म्हणाले, "माय, चाळीस वर्षांची सवय आहे तुमची."

"मंग मी पुढं रायतो. तू मागून ये."

पुढचे दोन महिने सोपे गेले असं मी म्हणणार नाही. पाय इतके ओढायचे की वाटायचं कोणी दोरीने खेचतंय. माय मोहाच्या बियांचं तेल गरम करून पायांना चोळायची आणि स्वतः तंबाखूवाचून चिडलेली असायची, त्यामुळे चोळताना शिव्याही द्यायची. आम्ही दोघी भांड्यांवरून, मिठावरून, कोंबड्यांवरून भांडायचो. नवरा मिलवर जाताना लोकांना सांगायचा, "घरात दोन वाघिनी हायेत. जंगलात जातो, तिथं जिवाले धोका नाई." लेकीला सकाळी शाळेत सोडणं, धान कुटून आणणं, भाजी आणणं त्याने न सांगता अंगावर घेतलं. त्याच्या वरणात मीठ कधी नसायचं आणि आम्ही दोघीही त्यावर गप्प बसायचो.

दुपारची कॅप्सूल शाळेच्या वेळेत यायची. मग माय माझ्यासोबत शाळेत यायला लागली. पहिलीच्या पोरांच्या मागे भिंतीला टेकून बसायची. दुपारी दोनला चंची उघडायची, एक कॅप्सूल तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत बघायची. पोरं विचारायची, "आजी, मॅडमले काय झालं?" ती म्हणायची, "पडली होती. आता उठून राह्यली."

मी फसवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी कागद समोर धरून म्हणाले, "माय, डॉक्टरांनी या आठवड्यात सहा लिहिल्यात."

"पाच."

"इथं सहा आहे."

"कागद तुह्यापाशी हाये. डॉक्टरचं बोलणं माह्यापाशी हाये. पाच."

कागदावर पाचच होत्या. त्या घरात एकट्या मला वाचता येत होतं, आणि त्या दिवसांत मी वाचलेल्या कशावरही कोणी विश्वास ठेवला नाही. आज वाटतं, त्यानेच मी वाचले.

दोनवर आले तेव्हा एक दिवस घसरले. शाळेच्या कपाटात नकाशाच्या गुंडाळीत मी मागे कधीतरी एक स्ट्रिप लपवून ठेवली होती. ती तिथे आहे हे मला पूर्ण वेळ माहीत होतं. माय पोरांना पाणी द्यायला हातपंपावर गेली आणि मी तीन गिळल्या. घरी आलो. चुलीपुढे बसून शेवटी सांगितलं आणि उरलेली स्ट्रिप तिच्यासमोर टाकली.

माय बराच वेळ चुलीत फुंकत राहिली. मग म्हणाली, "मीबी काल खाल्ली. शेजारनीकडून मागून. तिले म्हणलं, सुनेले सांगू नको."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. आधी तिला हसू फुटलं, मग मला. नवरा आतून धावत आला, त्याला वाटलं कोणी रडतंय.

"उद्यापासून पुन्हा दोनवर," माय म्हणाली.

"तुमची किती?"

"माह्यीबी दोन."

जिथून घसरलो तिथून पुन्हा निघालो. त्यानंतर नकाशाच्या गुंडाळीत नकाशाच राहिला. दोनची एक झाली, एकची एकाआड एक. एके दिवशी माय दोनला चंची उघडायची विसरली आणि मीही मागायची विसरले. चार वाजता शाळा सुटल्यावर रस्त्यात लक्षात आलं. आम्ही दोघी पळसाखाली थांबलो. तिने चंची काढली, माझा कप्पा उघडला, शेवटची कॅप्सूल बघितली आणि विचारलं, "पायजे?"

"नाई पायजे," मी म्हणाले. तिच्याच बोलीत.

या सगळ्या महिन्यांत विहारात पुढे बसले नव्हते. लोकांना वाटलं, मॅडमची तब्येत बरी नाही. वंदना माय घ्यायची, आणि मी मागच्या रांगेत बसून तिच्यामागून चार शीलं म्हणायचे. पाचव्याला हात जोडून गप्प बसायचे. जे पाळत नाही ते म्हणायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं.

वैशाखात गोंडपिपरीला गेले. चाचांनी मला बघून चष्मा कपाळावर चढवला. "काय पायजे?"

"काई नाई, चाचा. चहा घ्यायला आले. मागचा राहिला होता."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. दोन कप मागवले आणि दुकानात गिऱ्हाईक असूनही माझ्यासोबत बसून प्यायले.

त्याच आठवड्यात बुद्ध पौर्णिमा आली. विहार भरून लोक बाहेर अंगणात बसले होते, उकाडा तर विचारू नका. माय पुढे जाऊन बसली. वंदना सुरू करायच्या ऐवजी तिने मागे वळून मला हाताने खूण केली आणि स्वतः सरकून जागा दिली. मी उठले. एवढ्या गर्दीतून पुढे जायला वेळ लागला, माणसांनी पाय आवरून वाट दिली.

पहिलं म्हटलं. दुसरं, तिसरं, चौथं. मग पाचवं. घाम होता, पण तो सगळ्यांनाच होता. मी ते शेवटच्या शब्दापर्यंत म्हटलं, अडखळले नाही, आणि माझा आवाज बाहेर अंगणापर्यंत गेला. मागून सगळ्यांनी म्हटलं. शेजारी माय म्हणत होती, जोरात, आणि तिच्या कमरेला चंची नव्हती.